पीकॉक माशाची रंगीत पिल्लं घेण्याआधी हे वाचा, माझे ३६०० रुपये गेले

जानेवारीत एका रविवारी कुर्ल्याच्या फिश मार्केटमधून मी पीकॉक सिक्लिडची, म्हणजे आफ्रिकेतल्या मालावी लेकच्या रंगीत माशाची ८ पिल्लं घेतली, ४५० ला एक. जेमतेम दोन इंचांची पण कलर असा की बघतच राहावं, काही निळीशार, काही लालभडक, आणि आठच्या आठ सारखीच चमकत होती. मी विचारलं एवढ्या लहानपणी कलर कसा काय, तर दुकानदाराने बाजूच्या टँकमधले येलो लॅब (मालावीचाच दुसरा, पिवळा मासा) दाखवले, "ये भी तो छोटे हैं, पीले हैं ना? सब मेल है, बडा होके और खिलेगा." मला ते पटलं. ऑक्सिजन भरलेली पिशवी छातीशी धरून स्लो लोकलने भांडुपला आलो, येताना त्याच्याकडचेच ४ येलो लॅब पण घेतले होते.

तीन आठवड्यांनी निळा रंग मळकट दिसायला लागला. मला वाटलं ट्रेनचं, नवीन टँकचं टेन्शन असेल. दुकानदाराला फोन केला तर म्हणे तुमचं पाणी सॉफ्ट (क्षार कमी) आहे, मालावीच्या माशांना हार्ड (जास्त क्षारांचं) लागतं. आता हे खोटं नाही, आपलं मुंबईचं तलावाचं पाणी सॉफ्टच आहे आणि मालावी लेकचं पीएच ८ च्या आसपास असतं, म्हणून मी पाणी हार्ड व्हावं यासाठी फिल्टरमध्ये कोरलचे तुकडे टाकले, कलरसाठी स्पिरुलिना शेवाळाचं महागडं फूड आणलं, दर आठवड्याला पाणी बदललं. मार्च संपेपर्यंत आठही मासे राखाडी, अंगावर उभे पट्टे. आणि त्याच टँकमधले, त्याच पाण्यातले येलो लॅब पिवळेधमक! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की पाण्याचा काही संबंध नाही.

मग ठाण्याचे एक काका आहेत, बरीच वर्षं मालावीचेच मासे ब्रीड करतात, त्यांच्याकडे फोटो घेऊन गेलो. ते म्हणाले हॉर्मोन दिलंय. मिथाइल टेस्टोस्टेरॉन, तिलापियाच्या शेतीत सगळे नर करायला वापरतात तेच, दाण्यात मिसळून पिल्लांना खायला घालतात, मग नर असो वा मादी कलर येतो. दाणा बंद झाला की कलर उतरतो. माद्या तर कधी कधी वांझ राहतात.

काकांनी जे सांगितलं ते मला कुर्ल्याला जायच्या आधी माहीत हवं होतं. येलो लॅब लहानपणापासून पिवळाच असतो, नर काय मादी काय, त्याचं उदाहरण पीकॉकला लावायचंच नाही. बहुतेक पीकॉकची पिल्लं आणि माद्या राखाडी-तपकिरीच असतात, एवढ्या सारख्या की पिल्लू बघून जात पण ओळखता येत नाही. नराला कलर यायला सुरुवातच अडीच-तीन इंचांना होते, आधी तोंडाजवळ आणि पंखांच्या कडेला, आणि पूर्ण भरायला वर्ष, कधी दीड वर्ष लागतं. आणि एका विणीतली निम्मी पिल्लं साधारण माद्या निघणारच, त्यात एका टँकमध्ये जो नर दादा असतो तोच पूर्ण खुलतो, बाकीचे दबून फिके राहतात. म्हणजे दोन इंचांची आठच्या आठ सारखी रंगीत दिसली तर तिथूनच मागे फिरायचं. मोठेपणी काय कलर येणार ते पिल्लावरून नाही कळत, बाप बघायचा, शक्यतो समोर टँकमध्ये, फोटोत नाही.

परत दुकानात गेलो तर तो म्हणाला जिवंत माल परत घेत नाही, बिल कुठेय. बिल त्याने दिलंच नव्हतं आणि मी मागितलं नव्हतं, ते मागा, त्यावर जातीचं नाव लिहून घ्या. पैशापेक्षा मला त्या माशांचं वाईट वाटतं, नुसतं काचेत चमकावं म्हणून त्यांच्या शरीराशी खेळ केलाय.

आठही अजून माझ्याकडेच आहेत, कुणाला विकणार नाही. एकाच्या गालावर आता परत निळा ठिपका दिसतोय, तो खराच नर असावा. काकांकडून पण ६ पिल्लं आणलीत, १२० ला एक, मातकट राखाडी, पण त्यांचा बाप मी डोळ्यांनी बघून आलोय.