बारा बोअरची डबल बॅरल, सोळा महिन्यांनी: डावी नळी आणि खोबरेल

डिसेंबरातली पहाट, साडेपाचचा सुमार. काजूत डुकरं शिरली होती म्हणून हवेत बार काढायला बाहेर पडलो. उजव्या नळीचा बार निघाला. डावीनं नुसतं 'टक्' केलं. मी नळ्या आभाळाकडे करून तसाच उभा, मनात आकडे मोजत. काडतूस कधीकधी उशिरा पेटतं, त्यामुळे अर्धा मिनिट तरी बंदूक उघडायची नसते. उघडली तर काडतुसाच्या टोपीवर डास चावल्यासारखा बारीक डाग. टोपीवर आपटून काडतूस पेटवणारी पिन पोचली होती, पण तिच्यात जीव नव्हता. दुसरं काडतूस घातलं, तेही तसंच. खडकीच्या कारखान्याचंच काडतूस, उजवीकडे घातलं की धडाडून वाजतं.

डुकरं तेवढ्यात पोटभर खाऊन गेली. मला मात्र वेगळीच धास्ती. ही बंदूक मी डुकरांसाठी घेतलीच नव्हती.

आमचं घर वाडीपासून सुटं, मधे ओहोळ. घरात मी, बायको आणि एक्क्याऐंशी वर्षांची आई. तीन वर्षांपूर्वी पडवीतून पाण्याची मोटर आणि तांब्याचा बंब रात्रीत गेला. आई जागी होती, आवाज ऐकत होती, भीतीनं तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. वडिलांची ठासणीची बंदूक होती, शेतीरक्षणाच्या परवान्यावर. ते गेल्यावर परवाना वारसानं माझ्या नावावर करून घेतला, त्यात स्वसंरक्षण जोडलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये ही डबल बॅरल घरी आली. किंमत इथे लिहीत नाही, बायको वाचते.

दुकानदार पंप, म्हणजे नळीखालचा दांडा मागेपुढे ओढून काडतूस चढवायची बंदूक, घ्या म्हणून मागे लागला होता. "साहेब, नुसत्या खटॅक-खटॅक आवाजानं चोर पळतो." पळत असेल. पण घाबरलेला माणूस पंप अर्धाच ओढतो आणि काडतूस आत अडकतं. डबलचं कसं, मधे मोडली की दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो. भरलेली की रिकामी, हे चष्मा नसला तरी आईलासुद्धा दारातून कळतं. घरात माणसं असतील तर मला ही गोष्ट पाच-सहा काडतुसांपेक्षा मोठी वाटते. दोन काडतुसं कमी पडतील असा प्रसंग आलाच तर मला बंदूक नव्हे, पळायला वाट लागेल.

चूक केली ती लांबीत. तीस इंची नळ्या. दुकानात खांद्याला लावली तेव्हा अशी छान बसली की मी भाळलो. घरी पहिल्याच रात्री, रिकामी बंदूक घेऊन माजघरातून पडवीत वळून पाहिलं, तर नळी थेट चौकटीवर आपटली. जुनं घर, आपण वाकून जातो, बंदूक वाकत नाही. ती खाच आजही आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याच दुकानात त्याच पैशात सव्वीस इंची होती! कापून घेऊ म्हणाल तर नाव काढू नका. विनापरवाना नळी कापणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ६ खाली गुन्हा आहे, आणि वीस इंचांखालची तर निषिद्धच. दुकानात जाताना घरातली वळणं टेपनं मोजून जा. मला हे कोणी सांगितलं नाही.

आणि लांब नळीनं घरात फायदा काय, तर शून्य. परवान्यासाठीच्या प्रशिक्षणात रेंजवर मी मुद्दाम आठ पावलांवर कागद लावायला सांगितला होता, आमच्या पडवीपासून गोठा आहे तेवढ्या अंतरावर. बीबी मापाचे छर्रे बशीएवढ्या जागेत गेले. 'डोळे मिटून मारली तरी लागते' म्हणणाऱ्यांनी ती बशी बघावी.

परत डाव्या नळीकडे येतो. माझा पहिला संशय पोलीस ठाण्यावर. १६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि नवीकोरी बंदूक ठाण्यात जमा. जूनमध्ये मिळाली तेव्हा बाहेर पाऊस, आणि डाव्या नळीवर गंजाचे तांबडे ठिपके. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, परत जमा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुटली. पहिल्या वर्षातले जवळजवळ पाच महिने माझी बंदूक माझ्या घराचं नव्हे, ठाण्याचं रक्षण करत होती. सरसकट सगळ्यांची जमा करायची नसते, जिल्ह्याची छाननी समिती कोणाची घ्यायची ते ठरवते, हे मला दुसऱ्या खेपेनंतर कळलं.

दुसरा संशय कारखान्यावर. दुकानदाराला तीन दिवस फोन केले. तो म्हणे, ठाण्यात काय झालं त्याला आम्ही जबाबदार नाही. मी म्हटलं, ठाण्यात कोणी डाव्या नळीची पिन चाटत बसलं नव्हतं. त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं.

इथवरचं जानेवारी २०२५ मध्ये लिहिलं होतं आणि शेवटी 'ही बंदूक घेऊ नका' असंही लिहिलं होतं. ते वाक्य काढलं.

फेब्रुवारीत नळ्या उतरवून, कव्हरात घालून, परवाना खिशात ठेवून घाटावरच्या एका परवानाधारक मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा माणूस. त्यानं दस्ता उतरवला, लॉक, म्हणजे आतलं घोड्या-चापाचं यंत्र, उजेडात धरलं, बोट फिरवून नाकाला लावलं.

"काय ओतलंय हो ह्यात? वासावरनं तर डोक्याचं तेल वाटतंय."

खोबरेलच होतं. जूनमधल्या गंजाचा धसका घेऊन ऑक्टोबरात जमा करण्याआधी मीच ओतलं होतं. घरचे नारळ, घाण्यावरचं तेल, बंदुकीच्या तेलाला कशाला पैसे घालवायचे? वडील तेच लावायचे. पण त्यांची ठासणीची, घोडा बाहेर, बाहेरच्या बाहेर पुसली जायची. हिचं सगळं यंत्र पोटात. डिसेंबरात पहाटे आमच्याकडे बाटलीतलं खोबरेल पांढरं घट्ट होतं, आंघोळीला बसण्याआधी ती उन्हात ठेवावी लागते, हे मला जन्मापासून माहीत आहे. बंदुकीच्या आत तेच तेल तसंच थिजेल, एवढं मात्र सुचलं नाही. उजवी का चालली? मिस्त्री म्हणाला, "बंदूक डाव्या कुशीवर ठेवत असाल. सगळं तिकडंच उतरलं."

केरोसीननं धुऊन, पुसून, दीड तासात काम झालं. पैसे इतके कमी घेतले की मला लाज वाटली. दुकानदाराला मात्र मी अजून फोन केलेला नाही. तीस इंची त्यानंच गळ्यात मारली होती.

मिस्त्रीनं आणखी एक सांगितलं. उघडताना आतले घोडे चढतात, तशीच बंद करून महिनोन् महिने ठेवू नका, स्प्रिंगवर ताण राहतो. खोटी काडतुसं घालून, चाप ओढून घोडे सोडून ठेवायचे. विकतची महाग, म्हणून वाजलेल्या दोन काडतुसांच्या टोप्या काढून तिथे खोडरबराचे तुकडे बसवले आणि ओळख पटावी म्हणून लाल रंग दिला. तरी चाप ओढण्याआधी दोनदा बघतो. बंदूक साखळीत, खरी काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली माझ्या करगोट्याला.

रात्री घराचं रक्षण खरं कोण करतं म्हणाल, तर बाजारातून उचलून आणलेला कुत्रा. शेजारचे काका पहिल्या दिवसापासून म्हणतायत, "बंदुकेक कोण घाबरना नाय रे, कुत्र्याक घाबरतत." पण आई आता झोपते, आणि ती कुत्र्यामुळे झोपत नाही, बंदुकीमुळे झोपते असं ती सांगते. पाच महिने बंदूक घरात नव्हती हे आम्ही तिला सांगितलेलं नाही.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितलं. म्हणजे ऐन पावसात पुन्हा आचारसंहिता, असं तेव्हा वाटलं. जमा करण्यातून सूट मिळावी म्हणून अर्ज लिहून ठेवला. मिस्त्रीनं सांगितलेली शिवणयंत्राच्या तेलाची बाटलीही आणली. ती खोबरेलाच्या बाटलीशेजारीच ठेवली होती, तर बायकोनं दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या: एकीवर 'बंदूक', दुसरीवर 'डोकं'.