परभणीच्या पाइपातला बर्फ

२७ वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. पाणी शून्य अंशाला गोठतं हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नाही. तरी मागच्या डिसेंबरात एक माणूस माझ्याच गच्चीवर उभा राहून म्हणाला, 'सर, तुमच्या पाइपात रात्री बर्फ होतोय', आणि मी मान हलवली. त्या मान हलवण्याचे १८,५०० रुपये लागले.

आमचं गाव परभणी-जिंतूर रस्त्यापासून थोडं आत आहे. मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना ऊनच आठवतं. पण थंडीच्या लाटेत परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि त्याची बातमी पेपरात पहिल्या पानावर असते. वडील ८४ वर्षांचे, त्यांना सकाळी अंघोळीला कढत पाणी लागतं. गच्चीवर २०० लिटरचा सोलर आहे. त्याची धार करंगळीएवढी झाली, आणि त्याच आठवड्यात न्हाणीच्या भिंतीला ओल धरली. आमचा नेहमीचा मिस्त्री पुण्याला कामावर गेलेला. एका ओळखीच्याकडून दुसऱ्याचा नंबर मिळाला.

माणूस वेळेवर आला, बोलायला गोड. गच्चीवर जाऊन पाइपावर दोन ठिकाणी पान्यानं ठकठक केलं, कान लावला. मग खाली येऊन म्हणाला, 'सर, रात्रीला पारा किती उतरायलाय बघा की. पाणी गोठतंय, फुगतंय अन् पाइप आतून तडकतोय. ओल त्याचीच हाय.' आणि पिशवीतून उभा तडा गेलेला पाइपाचा एक हातभर तुकडा काढला. 'ह्यो कालच काढला, पलीकडच्या गावातून.'

आता मी फसलो कसा, ते नीट सांगतो, कारण बायको अजून विचारते. बर्फ झाला की पाण्याचं आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं. काचेची भरलेली बाटली फ्रीझरात ठेवली तर फुटते, हे मीच पोरांना सांगायचो. सिमल्याला, लेहला पाइप असेच फुटतात, हेही खरं. त्याच्या वाक्यातला 'फुगतंय' हा भाग इतका ओळखीचा वाटला, की आधीचा 'गोठतंय' मी तपासलाच नाही. पाच अंशांना कुठलं पाणी गोठतं? आणि भिंतीतला पाइप तर उघड्यावरही नव्हता. ओसरीवरून वडील म्हणाले होते, 'आरं, सकाळचं बोअरचं पाणी हाताला कोमट लागतंय, बर्फ कुठला?' जमिनीखालचं तापमान हवेसारखं खालीवर होत नाही, म्हणून थंडीत बोअरचं पाणी वाफाळतं. हे त्यांना आयुष्यभराच्या शेतीनं कळलेलं. मी उलट त्यांनाच समजावत बसलो.

ठरलं असं: गच्चीपासून न्हाणीपर्यंत आणि स्वयंपाकघरापर्यंत सगळी गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची, नवी करायची, वरून 'बर्फ न होणारं' काळं फोम चढवायचं. १२,००० आधी, रोख. माल तोच आणणार. बिल मागितलं तर म्हणाला, 'बिल घेतलं की जीएसटी लागतो सर, तुमचेच पैसे वाचवायलोय.' मलाही ते बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांत काम उरकलं. फोम मात्र त्यानं पाइप चढवायच्या आधीच, खाली अंगणातच घालून आणलं होतं. मला वाटलं, किती सफाईदार माणूस आहे. तोट्याही सगळ्या नव्या बसवल्या. भिंत फोडली, लाइन टाकली आणि त्याच संध्याकाळी सिमेंटनं बुजवून टाकली. जाताना जुना माल मोटरसायकलला बांधला, 'कचरा कशाला ठेवता दारात?' म्हणत. त्या कचऱ्यात दोन जुने पितळी गेट व्हॉल्व्ह आणि सहा पितळी तोट्या होत्या. वडलांनी घर बांधताना घेतलेल्या, जड. पितळ भंगारातही किलोवर जातं. त्याच्या जागी आलेल्या तोट्या हातात घेतल्या तर खेळण्यासारख्या हलक्या.

थंडी होती तोवर सगळं ठीक चाललं. धारही जरा सुधारली. संक्रांत झाली, ऊन वाढलं, सोलरच्या पाण्यात हात घालवेना. फेब्रुवारीच्या एका दुपारी गच्चीवरून पाणी कोसळल्याचा आवाज आला. फोमच्या आत पाइप मऊ पडून पोटाशी झुकला होता आणि एल्बोतून, म्हणजे वळणाच्या जोडातून, निसटला होता. सोलरचं सगळं कढत पाणी जिन्यात. नशीब, तेव्हा जिन्यात कोणी नव्हतं. त्या माणसाचा फोन बंद, तो आजतागायत.

माझा एक जुना विद्यार्थी परभणीला नळफिटिंगचं काम करतो. त्याला बोलावलं. त्यानं फोम ब्लेडनं उभं चिरलं आणि पाइप फिरवून छापील ओळ दाखवली. सीपीव्हीसीचा पाइप बहुतेक पिवळसर, सायीच्या रंगाचा असतो आणि त्यावर आयएस १५७७८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. तो ९० अंशांच्या आसपासचं गरम पाणी सोसतो. माझ्या गच्चीवर पांढराशुभ्र पाइप होता, त्यावर आयएस ४९८५. म्हणजे साधा यूपीव्हीसी, थंड पाण्याचा. बोअर ते टाकी या लाइनला तो उत्तम, सोलरला नाही. फोम त्याच्यावरची अक्षरं झाकायला होतं. एरवी गरम पाण्याच्या लाइनला फोम घालणं चूक नाही, त्यानं पाणी वाटेत निवत नाही. पण बर्फाशी त्याचा इथं काय संबंध?

सगळं ऐकून घेतल्यावर पोरानं पाना खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, 'सर... बर्फ?' मी चहा आणायच्या निमित्तानं आत गेलो.

मूळ दुखणं त्यानं पाऊण तासात शोधलं. सोलरच्या टाकीचं युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड, खोललं तर आत चुन्यासारखा पांढरा थर, भोक पेन्सिलीएवढं उरलेलं. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, तापलं की क्षार बसतो. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच. पहिल्या माणसानं काम करताना ठोकाठोकीत थोडा निखळला असेल, म्हणून धार सुधारल्यासारखी वाटली. आणि ओल? न्हाणीच्या भिंतीतला गंजलेला एक लोखंडी निपल, म्हणजे दोन जोडांमधला आट्यांचा छोटा तुकडा. तो थंड पाण्याच्या लाइनवर होता. पहिल्यानं त्याला हातही लावला नव्हता, वरून गिलावा मात्र केला होता. निपल, टेफ्लॉन टेप, साफसफाई धरून ६५० रुपये. पोरगं मजुरी घेईना, बळंच खिशात घातली. खऱ्या सीपीव्हीसीची लाइन पुन्हा टाकली त्याचा खर्च वेगळा, तो या हिशेबात धरलेला नाही.

तक्रारीचंही मनात आलं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर वहीत लिहूनही ठेवला. पण दाखवायला बिल नाही, पैसे रोख दिलेले, आणि त्यानं सांगितलेलं नाव तरी खरं कशावरून? चौकीत अर्ज दिलाय, पडून आहे.

आता घरात कोणाचंही नळाचं काम निघालं की मी पाइप स्वतः दुकानातून आणतो, पक्कं बिल घेतो आणि छापील ओळ बाहेर दिसेल अशीच बसवायला लावतो. जोड चिकटवायच्या सोल्युशनचा डबाही बघतो, सीपीव्हीसीला त्याचं वेगळं लागतं. भिंत मात्र निदान एक दिवस उघडी ठेवतो, लाइन पाण्यानं भरून. बायको कुरकुर करते, धूळ होते म्हणून. करू दे. जुना माल घरातच राहतो, मग तो गंजका असो.

मागच्या आठवड्यात मानवतकडच्या एका सोयऱ्यांचा फोन आला. त्यांच्याही सोलरची धार बारीक झाली होती. मी विचारलं, 'कोणाला दाखवलं का?' म्हणाले, 'हो, एक जण येऊन गेला, पाइप गोठायलेत म्हणायला.' मी म्हटलं, 'पिशवीतून तडकलेला तुकडा काढला का त्यानं?'

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग हळूच विचारलं, 'तुम्हाला कसं कळलं?'

आगाऊ रक्कम त्यांनी अजून दिली नव्हती.