दुरुस्तीच्या नावाखाली गेलेला ताबा

सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात आमचे कुटुंब तीन पिढ्या भाडेकरू म्हणून राहत होते. तुळयांना वाळवी लागल्याचे मालकांनी सांगितले आणि ते खरेच होते, म्हणूनच त्यांच्या बोलण्याचा कोणाला संशय आला नाही. पावसाळ्यापुरते बाहेर राहा, काम झाले की त्याच भाड्याने त्याच खोल्यांत परत या, असे सांगून त्यांनी माझ्या वृद्ध आईकडून ‘दुरुस्तीस संमती’ म्हणून स्टॅम्प पेपरवर सह्या घेतल्या. त्यातील दुसऱ्या पानावर भाडेहक्क स्वखुशीने सोडून रिकामा ताबा दिल्याचे लिहिलेले होते. कौले उतरली, काम तिथेच थांबले आणि दिवाळीनंतर वाड्यावर बिल्डरचा फलक लागला. थकलेल्या माणसाच्या विश्वासाचा असा वापर करणे मला अक्षम्य वाटते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 यानुसार, जागा रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती शक्यच नसेल, तर मालकाने कलम 16 खाली न्यायालयात दावा लावायचा असतो. हुकूमनामा देताना न्यायालय भाडेकरूला परत येण्याची इच्छा आहे का, हे विचारते आणि त्याचे उत्तर हुकूमनाम्यातच नोंदवते. पुढे मालकाने काम सुरू केले नाही, रखडवले किंवा पुरे करूनही ताबा दिला नाही, तर कलम 17 खाली परत ताबा मागता येतो. हे संरक्षण त्या हुकूमनाम्याला जोडलेले आहे, आणि नेमका तोच टाळण्यासाठी घरी येऊन गोड बोलून सह्या घेतल्या जातात. आमचा वाद आता लघुवाद न्यायालयात आहे आणि सही फसवून घेतली, हे सिद्ध करण्याचा भार आमच्यावर आला आहे.

वाड्यात राहून होण्याजोगी दुरुस्ती असेल, तर जागा सोडण्याचे कारणच नाही. मालक ती करत नसेल, तर कलम 14 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः काम करून घेऊ शकतो आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत खर्च भाड्यातून वळता करू शकतो. कंटाळून निघून जावे म्हणून पाणी किंवा वीज तोडली, तर कलम 29 खाली न्यायालयात अर्ज करता येतो. भाडेपावत्या, वीजबिले आणि खोल्यांची छायाचित्रे आजच एकत्र करून वाड्याबाहेर सुरक्षित ठेवा, आणि मालकाने आणलेला कोणताही कागद स्वतःच्या वकिलाने वाचल्याशिवाय घरातील वृद्धांना त्यावर सही करू देऊ नका.