डब्ल्यूडीएम-३ए मॉडेलमधले दिवे आणि केबिन : पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो. एचओ स्केलच्या (१:८७) मॉडेल रेल्वे इंजिनात दिवे आणि केबिन बसवायचा खर्च आणि खटाटोप नक्की वसूल होतो. पण पाकिटातून येतं ते जसंच्या तसं लावलंत तर इंजिन खेळण्यासारखंच दिसेल. माझ्याकडे पुणे शेडच्या नावाचं डब्ल्यूडीएम-३ए (भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन) आहे, डीसीसीवर, म्हणजे रुळांतून येणाऱ्या डिजिटल आज्ञांवर चालणारं. त्यात ईएसयूचा लोकपायलट ५ डिकोडर (त्या आज्ञा वाचून मोटर आणि दिवे चालवणारी चिप), वायर जोडून येणाऱ्या बारीक एलईडींचं ऑनलाइन घेतलेलं पाकीट आणि थ्रीडी प्रिंट केलेली केबिन असा ऐवज गेल्या दिवाळीत बसवला.

सगळ्यात मोठी तक्रार उजेडाची. पाकिटात प्रत्येक एलईडीबरोबर १ किलोओहमचा रेझिस्टर येतो. रुळावर साधारण १५ व्होल्ट, त्यातले ३ एलईडी खातो, उरलेल्या १२ व्होल्टांचे झाले १२ मिलिअँपिअर. एवढ्याशा एलईडीला ते फार होतं. हेडलाइट लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनसारखा फाकतो आणि प्लास्टिकची बॉडीच आतून उजळते. हेडलाइटला ४.७, मार्करला (टोकांच्या छोट्या दिव्यांना) १० आणि केबिनला २२ किलोओहम लावले, बॉडीला आतून काळा रंग मारला, तेव्हा कुठे डोळ्यांना बरं वाटलं. डिकोडरमध्येही प्रत्येक आउटपुटची तीव्रता ३१ पर्यंतच्या पायऱ्यांत बदलता येते, पण ती शेवटचा हात फिरवायला ठेवावी. एलईडी वॉर्म व्हाइटच घ्या. निळसर पांढरा उजेड जुन्या अल्कोला (हे इंजिन मुळात त्या अमेरिकन कंपनीच्या डिझाइनचं) अजिबात शोभत नाही.

दुसरा मुद्दा कुठला दिवा कधी बंद ठेवायचा याचा, आणि इथे पाकिटातला जोडणीचा कागद सपशेल चुकीचा आहे. त्यात लाल मार्कर दिशेच्या वायरींवर जोडायला सांगितलेत, म्हणजे इंजिन पुढे निघालं की मागचे लाल पेटणार. पण मागे डबे असताना ते लाल दिवे कशाला हवेत? इंजिन एकटं जात असेल तरच त्यांचं काम. मी डिकोडरची पांढरी आणि पिवळी वायर फक्त दोन्हीकडच्या हेडलाइटना ठेवली, लाल मार्कर हिरव्या वायरीवर, म्हणजे वेगळ्या बटणावर घेतले. छतावरच्या पिवळ्या फ्लॅशरचंही तेच. गाडी मध्येच अचानक थांबली तर शेजारच्या रुळावरून येणाऱ्याला सावध करायला तो असतो. कागदाप्रमाणे हेडलाइटबरोबर लावला तर महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरपर्यंत धोक्याचा इशारा देत जाईल! तो जांभळ्या वायरीवर घेतला. लुकलुकण्याचा इफेक्ट डिकोडरमध्येच आहे. समोरून गाडी आली की हेडलाइट मंद करायची सोयही आहे, आणि ते बटण मी सगळ्यात जास्त वापरतो.

केबिन हा खरा मजेचा भाग. या इंजिनाला केबिन एकच, म्हणून आत दोन कंट्रोल स्टँड, तिरके समोरासमोर. लोको पायलट जायच्या दिशेच्या डाव्या बाजूला बसतो. मॉडेलमध्ये माणूस एकदा चिकटवला की संपलं. लाँग हूड (केबिनच्या एका बाजूचा लांब भाग, दुसऱ्या बाजूचा आखूड तो शॉर्ट हूड) पुढे करून गाडी चालवली की साहेब पाठ करून बसलेले. म्हणून माझं इंजिन शॉर्ट हूड पुढे ठेवूनच धावतं, आणि टोकाला ते फिरवायला हाताचं टर्नटेबल आहेच. माणसं जेमतेम दोन सेंटिमीटरची. बसलेला पायलट खिडकीत बसेना, तेव्हा त्याचे पाय गुडघ्याखाली कापले. बाहेरून काही कळत नाही.

रात्री धावताना खरी केबिन अंधारीच असते, आत उजेड असला तर काचेतून बाहेरचं दिसणार कसं? त्यामुळे २२ किलोओहमचा तो दिवा गाडी स्टेशनात उभी असतानाच लावतो. खिडकीतून मिणमिणत्या उजेडात फिकट हिरव्या भिंती आणि थ्रॉटलचं हँडल दिसतं, तेवढं पुरे.

काही महिन्यांनी काय बिघडलं, तेही सांगतो. केबिनमधले कागदावर छापलेले गेज (मीटरच्या तबकड्या) पावसाळ्यात फुगून सुटले. आता वॉटरस्लाइड डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) लावलेत, ते टिकलेत. खिडक्यांच्या काचांना सुपरग्लू नको, वाफेने पांढरट डाग पडतात. कॅनॉपी ग्लू (सुकल्यावर पारदर्शक होणारा गोंद) हाच बरा. रूळ दमट हवेत काळवंडले की दिवे लुकलुकतात. मोटर फ्लायव्हीलवर (तिच्या जड चाकाच्या गतीवर) निभावून नेते, एलईडी मात्र लगेच चुगली करतो. रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि जमलं तर लाँग हूडमध्ये कीप-अलाइव्ह कॅपॅसिटर (क्षणभर वीज तुटली तरी पुरवणारा) टाका, तिथे जागा आहे. बॉडी उघडताना वायरी तुटू नयेत म्हणून मध्ये बारीक कनेक्टर हवाच. पाकिटात तो नसतो, वेगळा घ्यावा लागतो.

पुन्हा घ्यायचं झालं तर डिकोडर हाच घेईन, एलईडीही हेच, त्यांचे रेझिस्टर मात्र सरळ कचऱ्यात. केबिन दुसरीकडून मागवेन, कारण या प्रिंटची फरशी मिलिमीटरभर खाली आहे आणि मोटरचा वरचा भाग तिला घासतो.