दुकानातली गादी, मणक्यातली गादी आणि शंकरनगरचा ऑस्टिओपॅथ

नागपूरच्या इतवारीत आमचं कापडाचं दुकान. बावीस वर्षं गादीवर मांडी घालून बसायचं आणि गिऱ्हाईक आलं की बसल्या बसल्या वळून मागच्या फळीवरचं ठाण ओढायचं. दोन वर्षांपासून कंबर रोजच धरते. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी थोडी फुगलेली निघाली. ऑर्थोपेडिकवाले म्हणाले, ऑपरेशनचं काम नाही, व्यायाम करा. तो मी केला नाही, हे आधीच सांगून टाकतो. मोठ्या वहिनीच्या आग्रहाखातर पायाळू माणसाची लाथ मात्र खाऊन पाहिली.

शेवटी अग्रसेन चौकातून मेट्रो धरली आणि शंकरनगरला एका ऑस्टिओपॅथकडे, म्हणजे नुसत्या हातानं दाबून-ताणून उपचार करणाऱ्याकडे गेलो. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

पहिली पंधरा मिनिटं नुसते प्रश्न. पाय बधिर होतो का, ताप येतो का, वजन उतरलं का, लघवी-संडासवर ताबा आहे ना? शेवटच्या प्रश्नाला मी चपापलो. तो म्हणाला, "ताबा नाही म्हणाले असते, तर हात न लावता तुम्हाला मेयो हॉस्पिटलात पाठवलं असतं." इथेच माणूस पटला.

मला वाटलं, आता हाडं कटकट वाजवणार. काहीच वाजलं नाही. पालथं झोपवून माकडहाडाच्या वर तळहात ठेवला आणि माझ्या श्वासाबरोबर दाबत-सोडत राहिला. इतकं हळू, की हा झोपला की काय बाप्पा, असं वाटलं. मग कुशीवर वळवून एकेक पाय मागे ताणला. उजवा डाव्याच्या निम्माच गेला. इतकी वर्षं मी उजव्याच अंगाला वळून ठाण ओढतो, हे एमआरआयनं थोडंच विचारलं होतं? उठून वाकलो, बुटाची लेस बांधली, कंबर आडवी आली नाही.

तीन दिवसांनी दुखणं परत हजर. पंधरा-पंधरा दिवसांनी चार वेळा गेलो. वळणं-वाकणं बरंच सुटलं, रात्रीचं ठणकणं होतं तेवढंच आहे. पुतणी मेडिकलला आहे, तिनं 2021 मध्ये छापून आलेला पॅरिसचा एक अभ्यास काढून दाखवला. जुनाट कंबरदुखीचे 400 पेशंट, निम्म्यांना खरी ऑस्टिओपॅथी, निम्म्यांना नुसता वरवरचा स्पर्श. खऱ्यावाल्यांना रोजच्या हालचालीत थोडासा जास्त फरक, दुखण्यात मात्र दोघांचं सारखंच. "काका, हे तर तुमचंच लिहिलंय," म्हणाली.

आता तक्रार. दुसऱ्याच भेटीत काउंटरवरच्या मुलीनं दहा बैठकांचं पॅकेज पुढे केलं, साडेआठ हजार आगाऊ. एक बैठक हजाराची. अख्खं ठाण घ्या, स्वस्त पडेल, हे मी दिवसातून वीसदा बोलतो, मला कोण विकणार? वर भिंतीवर बोर्ड, 'सरकलेला मणका जागेवर बसवून मिळेल'. आत तोच माणूस सांगतो की मणका असा कुठे सरकत नसतो. बोर्डाबद्दल विचारलं तर नुसता हसला.

पाचव्यांदा गेलो नाही. त्यानं शिकवलेले दोन ताण रोज करतो, सकाळी गांधीबागेत चार चकरा मारतो, आणि गादीशेजारी एक स्टूल ठेवलंय. तुम्हाला जायचं असेल तर दोन-तीन भेटींपुरतं जा, पैसे भेटीगणिक द्या. आणि हो, दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे. मी जात होतो तेव्हा लिफ्ट बंद होती.