कॉलेजच्या सरांचा फुटबॉल वर्ग, टिळकवाडी : एका पालकाचे मत

बेळगावात फुटबॉल शिकवणारे वर्ग आता बरेच झाले आहेत. त्यांपैकी टिळकवाडीत सायंकाळी भरणाऱ्या ज्या वर्गात माझा मुलगा आणि धाकटी मुलगी जातात, त्याविषयी हे लिहीत आहे. या वर्गाला नाव नाही आणि फलकही नाही. ‘कॉलेजच्या सरांचा वर्ग’ एवढे विचारले तरी परिसरातला कोणीही मैदान दाखवतो. सर महाविद्यालयात फिजिकल डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचे प्रमुख शिक्षक होते आणि निवृत्तीपर्यंत तिथला फुटबॉल संघ त्यांच्याच हाताखाली होता. या नोकरीने त्यांना जे शिकवले तेच आज मुलांना मिळते, असे माझे मत आहे.

क्लबच्या प्रशिक्षकाला हवे ते खेळाडू निवडून आणता येतात. महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाला मात्र जून-जुलैत ज्यांनी प्रवेश घेतला त्यांच्यातूनच संघ उभा करावा लागतो. बी. ए. किंवा बी. कॉम. ही तीन वर्षांची पदवी. पहिल्या वर्षी मुलाचा पाय ओळखायचा, दुसऱ्या वर्षी त्याला संघात रुळवायचे आणि तिसऱ्या वर्षी तो इतरांना सांभाळून घेण्याइतका तयार झाला, की पदवी घेऊन तो निघून जातो. मधल्या काळात सत्र परीक्षा आणि घरची शेतीची कामे असतातच. शिवाय त्याच माणसाला कबड्डीचा संघ, धावण्याच्या स्पर्धा आणि वार्षिक क्रीडामहोत्सवही पाहावा लागतो. सरांच्या नोकरीचा पहिला काळ धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये गेला. २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले आणि बेळगावची महाविद्यालये त्याला जोडली गेली. विद्यापीठ बदलले तरी दरवर्षी नव्याने संघ बांधण्याचे काम तेच राहिले. अशा कामात एका हुशार फॉरवर्डवर, म्हणजे गोल करणाऱ्या आघाडीच्या खेळाडूवर, विसंबून चालत नाही. थोड्या वेळात सर्वांचा पाया पक्का करण्याची सवय लागते, आणि ती सवय या वर्गात पदोपदी दिसते.

प्रत्येक दिवसाची सुरुवात चेंडूशिवाय होते. चौदा वर्षांवरील मुलांकडून सर ‘फिफा ११+’ हा सुमारे २० मिनिटांचा सराव करून घेतात. त्यात आधी सावकाश धावणे, मग ताकद, तोल आणि उड्यांचे व्यायाम आणि शेवटी वेगाने धावत दिशा बदलणे असे तीन भाग आहेत. गुडघा, घोटा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापती कमी व्हाव्यात, यासाठी हा क्रम बांधलेला आहे. अनेक ठिकाणी दोन फेऱ्या पळवून लगेच सामना सुरू करतात; येथे तसे होत नाही, म्हणून मुले आधी कुरकुरतात. उडी मारून खाली येताना कोणाचे गुडघे आत वळतात हे सर नेमके हेरतात आणि त्या मुलाला थांबवून पुन्हा उडी मारायला लावतात.

त्यानंतरचा बहुतेक वेळ चेंडू थांबवणे आणि पुढे देणे यावर जातो. चेंडू पायाशी येण्याआधी खांद्यावरून मागे पाहिले का, हा प्रश्न सर इतक्या वेळा विचारतात, की माझी मुलगी आता अंगणातही मागे पाहून मगच चेंडू अडवते. आपल्याकडील मुलांना जोरदार लांब किक मारण्याची फार हौस असते. सर ती हौस मोडत नाहीत, पण चार जणांच्या चौकोनात दोन स्पर्शांत चेंडू फिरवता आल्याशिवाय पूर्ण मैदानावर खेळायला सोडत नाहीत. लहान गटाला मोठ्यांच्या पाच नंबरऐवजी त्याहून लहान असा चार नंबरचा चेंडू दिला जातो. त्या गटाच्या सरावात हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणे, अजिबात नसते; इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनेही २०२० पासून प्राथमिक वयोगटाच्या सरावातून ते वगळले आहे. मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले एकाच संघात असतात आणि सूचना ज्याला ज्या भाषेत समजेल त्या भाषेत दिली जाते. पालक म्हणून मला याचे मोल फार वाटते.

काही उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. गोलरक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षक नाही. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येत नाही, हा नियम १९९२ पासून आहे. त्यामुळे आजच्या गोलरक्षकाला पायानेही चांगले खेळावे लागते. येथे मात्र गोलरक्षक होऊ पाहणारी मुले बराच वेळ इतरांच्या शॉटसाठी गोलमध्ये उभी असतात. मुलींची संख्या कमी असल्यामुळे त्यांचा वेगळा सामना क्वचितच होतो. पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल होऊन अनेक दिवस सराव बुडतो आणि त्याची भरपाई कशी होईल हे आधी सांगितले जात नाही. खानापूरकडून येणाऱ्या मुलांना परतीच्या बससाठी शेवटचा सामना अर्ध्यावर सोडावा लागतो. वेळ थोडी अलीकडे आणली तर ही अडचण सहज सुटेल.

शुल्क शहरातल्या साध्या व्यायामशाळेच्या मासिक वर्गणीहून कमी आहे आणि ज्यांना तेही जड जाते त्यांच्याकडे सर आग्रह धरत नाहीत. मुलाला लगेच स्पर्धेत उतरवून चषक आणायचा असेल, तर हा वर्ग निवडू नये, कारण पहिले काही महिने सामन्यांपेक्षा सरावच अधिक असतो. प्रवेश वर्षभर मिळतो, तरी दसऱ्यानंतर आलेले बरे. तोवर मैदान कोरडे झालेले असते आणि नव्या मुलांकडे सरांना अधिक लक्ष देता येते. महागडे बूट घ्यायची घाई करू नये. रबरी स्टडचे साधे बूट, नडगीचे पॅड आणि पाण्याची बाटली एवढे पुरते. पॅड नसतील तर मात्र सर मुलाला सामन्यात उतरू देत नाहीत.