अभ्यासिकेचा एकच पीसी, पोरांचे ढीगभर पेनड्राइव्ह: मिंट २२ वापरल्यावर

आमच्या अभ्यासिकेतल्या पीसीवर लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकून बरेच महिने झाले. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर येतात, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आणि पेनड्राइव्ह प्रत्येकाच्या खिशात. मशीन सांभाळायचं काम माझ्याकडे. कोणाचा ड्राइव्ह कोणाला उघडता यावा आणि कोणी काढावा, एवढ्यापुरतंच लिहितो.

मूळ सेटिंग चांगलं आहे. ड्राइव्ह लावला की यूडिस्क्स (ड्राइव्ह सांभाळणारी सिस्टिमची सेवा) तो '/मीडिया'मध्ये त्या युजरच्या नावाच्या फोल्डरखाली माउंट करतं, म्हणजे वापरासाठी जोडतं, आणि त्या फोल्डरात दुसऱ्याला शिरता येत नाही. स्क्रीनसमोर बसलेल्याला पासवर्ड विचारला जात नाही. मागे पडलेल्या सेशनमधून (लॉगिन चालू, पण स्क्रीनवर दुसराच युजर) माउंट करायचं तर पोलकिट, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी सेवा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. यातलं काहीही मला हाताने करावं लागलं नाही.

डोकेदुखी 'स्विच युजर'ची. एकजण लॉगआउट न करता चहाला जातो, ड्राइव्ह तसाच लटकलेला. पुढची मुलगी बसते, समोरचा चालू पोर्ट एकच. 'डिस्क्स' हे अ‍ॅप उघडून जुना ड्राइव्ह अनमाउंट करायला गेली की अ‍ॅडमिनचा पासवर्ड, म्हणजे मला फोन. फोन लागला नाही की ड्राइव्ह सरळ उपटायचा, मग कोणाच्या तरी नोट्सची फाइल अर्धवट.

यावर उपाय पोलकिटच्या नियमाचा. '/ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी'मध्ये जावास्क्रिप्टच्या पाच-सहा ओळींची फाइल टाकली: ग्रुप अभ्यासिकेचा, सेशन चालू, आणि मागणी 'फाइलसिस्टिम-अनमाउंट-अदर्स'ची (दुसऱ्याने जोडलेला ड्राइव्ह काढायची) असेल तर होकार. सेव्ह केल्या केल्या लागू, रीस्टार्टची गरज नाही. नेटवरच्या जुन्या उत्तरांत 'पीकेएलए' या जुन्या पद्धतीच्या नियमांच्या फाइली सांगतात, त्या पोलकिट ०.१०५च्या काळातल्या. मिंट २१पर्यंत तेच होतं, २२मध्ये नव्या पद्धतीनेच लिहा. फोन जवळपास थांबले. मात्र पहिल्याची पीडीएफ मागे उघडी असेल तर 'बिझी' येतंच, आणि जबरदस्तीने काढायची मुभा मी मुद्दाम दिलेली नाही.

खरी गंमत ईएक्सटी४ची, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या डिस्क-फॉरमॅटची. एका पोराने घरच्या उबुंटूवरची हार्डडिस्क आणली. डिस्क उघडली, फाइली वाचता आल्या, पण एक अक्षर लिहिता येईना. टर्मिनलमध्ये 'एलएस -एल' (फाइलींची यादी मालकासकट दाखवणारी कमांड) मारलं तर त्याच्या सगळ्या फाइलींवर मालक म्हणून माझं नाव! ईएक्सटी४ फाइलसोबत नाव ठेवतच नाही, युजरचा नंबर ठेवते. घरी तो पहिला युजर, नंबर १०००. इथे १००० म्हणजे मी. फॅट आणि एक्सफॅट या पेनड्राइव्हच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये मालक ही भानगडच नाही, जो माउंट करेल त्याच्या नावावर सगळं. म्हणून आता सगळ्यांना एक्सफॅटच सांगतो. लिनक्सच्या कर्नल ५.४पासून (२०१९) त्याचा आधार आतच आहे. फक्त त्याला जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरायला ठेवलेली नोंद) नसतं, त्यामुळे उपटाउपटी आणखी महागात पडते, हेही त्याच दमात सांगावं लागतं.

जुन्या प्रश्नपत्रिकांची सामायिक डिस्क मात्र वेगळी ठेवली. तिची नोंद यूयूआयडीने (डिस्कच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने) 'एफस्टॅब'मध्ये, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये, ग्रुप अभ्यासिकेचा, परवानगीचा मास्क ०००७. म्हणजे ग्रुपला सगळं खुलं, बाकीच्यांना काही नाही. त्या नोंदीत 'यूजर' ऐवजी 'यूजर्स' लिहा, नाहीतर ज्याने माउंट केलं त्यालाच काढता येतं. 'नोऑटो' (आपोआप जोडू नको) किंवा 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) हवंच, कारण नाहीतर डिस्क लावलेली नसताना मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं आणि सकाळी सात वाजता दारात पोरांची गर्दी.

तक्रार एकच उरली. परवानगी नाकारली की येणारा संदेश इतका त्रोटक असतो की ड्राइव्ह खराब आहे असंच पोरांना वाटतं. 'चमॉड ७७७ मारा' (सगळ्यांना सगळी परवानगी द्या) हा सल्ला तर फॅटवर चालतही नाही, तिथे परवानगी माउंट करतानाच ठरते.

घरी दोघं-तिघंच वापरणारे असाल तर यातलं काही करू नका, मूळ सेटिंग पुरतं. अभ्यासिका, ग्रंथालय, शाळेची लॅब असेल तर तो पोलकिटचा नियम पहिल्याच दिवशी टाका.